पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

हातात इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री. मोठमोठ्या कंपन्यांनी नकार दिलेला. शेवटी घरापासून जवळ असलेल्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि ती कंपनी बनवते काय, तर पत्ते! खेळायचे पत्ते. मग इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं तिथं काम काय? पत्ते बनवणाऱ्या मशिनी बिघडल्या की दुरुस्त करायच्या. आणि नाही बिघडल्या तर बिघडेपर्यंत बसून राहायचं.

कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवसांत हे ऐकून पोटात गोळा येईल अशी ही सुरुवात आहे. साल १९६५, गाव जपानमधलं क्योतो, आणि मुलाचं नाव गुनपेई योकोई. जन्म १० सप्टेंबर १९४१चा, म्हणजे तेव्हा वय तेवीस-चोवीस. शिक्षण क्योतोच्याच दोशिशा विद्यापीठात झालेलं. ती पत्तेवाली कंपनी म्हणजे निन्टेन्डो.

आज निन्टेन्डो म्हटलं की मारिओ डोळ्यांसमोर येतो. पण ही कंपनी १८८९ सालची. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते विकून ती मोठी झाली. साठच्या दशकात पत्त्यांचा धंदा मंदावला, तेव्हा मालक हिरोशी यामाउची यांनी इन्स्टंट भात विकून पाहिला, टॅक्सी चालवून पाहिल्या. काहीच धड चाललं नाही. अशा कंपनीत मेंटेनन्सवाला म्हणून लागणं म्हणजे बुडत्या बोटीवर भोकं बुजवायला बसण्यासारखंच.

योकोईला रिकामा वेळ भरपूर होता. त्या वेळात तो कारखान्यातल्याच मशिनींवर स्वतःसाठी काहीबाही बनवायचा. एकदा त्याने कात्रीसारख्या एकात एक जोडलेल्या पट्ट्यांचा लांब हात बनवला. मूठ मिटली की हात पुढे सरकतो आणि समोरची वस्तू पकडतो. नुसता टाइमपास. १९६६ साली यामाउची कारखान्यात फेरी मारायला आले आणि नेमकं तेच त्यांच्या नजरेला पडलं. थोड्या वेळाने केबिनमध्ये बोलावणं आलं. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल आता बोलणी बसणार, अशी योकोईची खात्री होती. मालकांनी मात्र भलतंच फर्मावलं. हे खेळणं म्हणून बाजारात आणायचं, आणि तेही नाताळच्या आत.

त्याचं नाव ठेवलं अल्ट्रा हँड. दहा लाखांहून जास्त नग विकले गेले. योकोईच्या हातातलं दुरुस्तीचं काम सुटलं आणि तो कंपनीचा खेळणी बनवणारा माणूस झाला.

आता इथून त्याची गोष्ट नेहमीच्या यशोगाथेसारखी सांगता येईल. पण मला त्याच्यातला मेंटेनन्सवाला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तो त्याच्यातून कधी गेलाच नाही. दुरुस्ती करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: नवीन मशीन दिसायला कितीही झकास असलं, तरी जुन्याच्या खोडी माहीत असतात. ते कुठे तापतं, कुठे झिजतं, कुठला भाग स्वस्तात मिळतो, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. योकोईने पुढे याचंच तत्त्व केलं. तंत्रज्ञान नवंकोरं घ्यायचं नाही. जे मुरलेलं आहे, स्वस्त झालंय, ज्याचे सगळे दोष कळून चुकलेत, ते उचलायचं. आणि ते अशा जागी वापरायचं जिथे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. जपानी भाषेत यासाठी त्याने जो शब्द वापरला, त्याचा अर्थ वाळलेलं, सुकून पक्कं झालेलं तंत्रज्ञान असा होतो. लाकूड कसं मुरवून मगच दरवाजाला वापरतात, तसं काहीसं.

उदाहरण बघा. १९६९ साली त्याने लव्ह टेस्टर काढला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत एकेक धातूचा गोळा पकडायचा, आणि काटा दाखवणार प्रेम किती! आत होता साधा विद्युतप्रवाह मोजायचा मीटर, शाळेच्या लॅबमध्ये असतो तसला. घामेजलेल्या तळव्यांतून प्रवाह जास्त जातो, एवढंच त्याचं विज्ञान. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावं हा हेतू त्याने नंतर कधी लपवला नाही. त्या काळच्या जपानमध्ये मुला-मुलींनी सहज हात धरणं ही साधी गोष्ट नव्हती, म्हणूनच यंत्र खपलं.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं. रेडिओवर चालणारी खेळण्यातली गाडी तेव्हा भयंकर महाग असायची, कारण पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हुकमाला वेगळी यंत्रणा लागायची. योकोईने विचारलं, गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर उजवीकडे वळायची गरजच काय? त्याची लेफ्टी आरएक्स नावाची गाडी फक्त सरळ जायची आणि डावीकडे वळायची. किंमत एकदम खाली आली. अर्धी गाडी काढून टाकली आणि खेळातलं काहीच गेलं नाही!

सगळंच जमलं असं नाही. १९७३ साली ओस पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये प्रकाशकिरणांच्या बंदुकीने नेमबाजी करायची, असा मोठा प्रकल्प कंपनीने काढला. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, लोकांनी ऑर्डरी रद्द केल्या आणि निन्टेन्डो कर्जात बुडाली. ते फेडायला कितीतरी वर्षं गेली.

मग येतो तो प्रसिद्ध ट्रेनचा प्रवास. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, बुलेट ट्रेनमध्ये योकोईसमोर एक कंटाळलेला नोकरदार बसला होता. हातात कॅल्क्युलेटर. हिशेब वगैरे काही नाही, उगाच बटणं दाबत वेळ घालवणं चाललेलं. आपण मोबाइलवर नुसतं वर-खाली करत बसतो ना, तस्संच. योकोईच्या डोक्यात आलं की मोठ्या माणसाला चारचौघांत, कुणाच्या नजरेत न येता खेळता येईल असं काहीतरी हवं. पुढे एक दिवस यामाउचींचा ड्रायव्हर आजारी पडला. मालकांची गाडी डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली कॅडिलॅक, आणि ती चालवू शकणारा माणूस कंपनीत योकोई. गाडी चालवताना बोलायला काही विषय हवा म्हणून त्याने ही कल्पना सांगितली. मालक हो-नाही काहीच बोलले नाहीत. पण त्या दिवशीच्या बैठकीत त्यांच्या शेजारी शार्प या कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख बसले होते, आणि आठवड्याभरात शार्पचे मोठे अधिकारी निन्टेन्डोच्या दारात हजर झाले.

शार्प आणि कॅसिओ यांच्या स्पर्धेत कॅल्क्युलेटरच्या चिप आणि काचेचे पडदे कवडीमोल झाले होते. योकोईच्या भाषेत, पुरते वाळले होते. १९८० साली गेम अँड वॉच आला. एक यंत्र, एक खेळ, वर घड्याळ. त्याच्या पडद्यावर ठिपक्यांनी चित्र बनत नाही. कॅल्क्युलेटरवर ८चा आकडा सात तुकड्यांत आधीच आखलेला असतो, तशी त्या माणसाची प्रत्येक पोज काचेवर आधीच आखलेली. यंत्र फक्त कुठला तुकडा काळा करायचा ते ठरवतं. असे साठएक खेळ निघाले आणि सगळे मिळून ४ कोटींहून जास्त नग विकले गेले.

असा एखादा गेम अँड वॉच कुणाच्या माळ्यावर सापडला आणि आकृत्या अर्धवट दिसत असतील, तर लगेच काच गेली असं समजू नका. काच आणि सर्किट यांच्यामध्ये वायर नसते. रबराची एक बारीक पट्टी असते, तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आलटूनपालटून बसवलेले असतात. झेब्य्राच्या पट्ट्यांसारखी दिसते म्हणून तिला झेब्रा स्ट्रिप म्हणतात. तीवर धूळ बसली किंवा ती जरा सरकली की पडद्याचे काही भाग गायब होतात. ती काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायची, काचेची कड आणि सर्किटच्या पट्ट्या पुसायच्या, परत सरळ बसवायची. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. ना सोल्डर, ना नवीन पार्ट. स्वस्त करायच्या नादात त्यांनी जे निवडलं, ते दुरुस्तीलाही सोपं निघालं.

१९८२ साली डाँकी काँग हा खेळ गेम अँड वॉचवर आणायचा ठरला. मूळ खेळ १९८१चा, शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने बनवलेला, आणि त्याच्यावर देखरेख योकोईचीच. नवं यंत्र पुस्तकासारखं मिटणारं, दोन पडद्यांचं. त्यात उभी काठीवाली जॉयस्टिक बसवली तर ते मिटणार कसं? म्हणून योकोईच्या टीमने अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बसवलं. मधोमध टेकू, त्यावर ते सी-सॉसारखं डोलतं. त्यामुळे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलंच जात नाही, आणि न बघता अंगठ्याला दिशा कळते.

हेच ते बटण. १९८३च्या फॅमिकॉमवर आलं, आणि तिथून जगभर पसरलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होत्या. थोरल्या दादाला, मावशीला विचारा. गणपतीच्या सुट्टीत मारिओ आणि काँट्रा खेळून अंगठ्याला जो घट्टा पडायचा, तो याच अधिकच्या चिन्हाने पाडलेला. कॅसेट चालली नाही की ती काढायची, फूऽऽ करून फुंकायची आणि परत घालायची, हा तर राष्ट्रीय उपाय होता.

फुंकण्याबद्दल जाता जाता सांगतो. फुंकल्याने काही होत नाही. होत असलं तर नुकसानच, कारण तोंडातल्या वाफेने तांब्याच्या पट्ट्या हळूहळू गंजतात. निन्टेन्डोनेही फुंकू नका म्हणूनच सांगितलं होतं. मग गेम चालायचा कसा? कॅसेट काढून परत घातली की पट्ट्या पिनांवर घासल्या जातात, वरचा मळ जरा खरवडला जातो, इतकंच. श्रेय मात्र कायम फुंकरीला.

आता येऊ गेम बॉयकडे. २१ एप्रिल १९८९, किंमत १२,५०० येन. योकोईच्या विभागाने बनवलेला, आतल्या यंत्रणेचं मुख्य काम सातोरू ओकादा या त्याच्या सहकाऱ्याचं. त्या वर्षीच अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला: रंगीत पडदा, मागून दिवा, सगळंच भारी. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. आणि गेम बॉय? हिरवट-पिवळा पडदा, त्यावर चारच छटा, मागे दिवा नाही. रात्री पांघरुणात खेळायचं तर टॉर्च लागणार. कागदावर बघितलं तर गेम बॉय पहिल्याच फेरीत बाद.

पण लिंक्सला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम गिअरचीही तीच रड. गेम बॉयचे चार सेल त्याच्या तिप्पट तरी चालायचे, आणि किंमत लिंक्सच्या जवळपास निम्मी. ज्याला स्वतःच्या पॉकेटमनीतून सेल विकत घ्यावे लागतात त्याला यातलं मोठं काय आणि छोटं काय, हे योकोईला नेमकं कळलं होतं. गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. लिंक्स आज फक्त जमवणाऱ्यांना आठवतो.

हे सोपं मात्र नव्हतं. पहिल्या नमुन्यात जो पडदा होता, तो समोरून व्यवस्थित दिसायचा आणि जरा तिरका धरला की सगळं पुसट. यामाउचींनी हातात घेऊन पाहिलं, त्यांना काही दिसेना, आणि त्यांनी थेट काम थांबवायचं ठरवलं. कारखाना उभारणीची तयारी झालेली, पैसा अडकलेला. योकोईचे ते दिवस वाईट गेले. शेवटी दुसऱ्या प्रकारचा, तिरक्या कोनातूनही दिसणारा काचेचा पडदा घेतला आणि प्रकल्प वाचला.

या पडद्याचीच आजची गोष्ट सांगतो, कारण जुना गेम बॉय हाती आला की नव्वद टक्के लोक इथेच घाबरतात. सुरू केला की पडद्यावर उभ्या रेघा कोऱ्या दिसतात. एक-दोन, कधी दहा-बारा. पडदा मेला असं वाटतं. तसं नसतं. काचेच्या खालच्या कडेला एक पातळ रिबन केबल उष्णतेने चिकटवलेली असते, तीस-पस्तीस वर्षांत तिची पकड सैल होते. मागचे तीन पाकळ्यांचे स्क्रू काढायचे (साध्या स्क्रू-ड्रायव्हरने प्रयत्न केलात तर पाकळ्याच झिजतील, शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा योग्य घ्या), मग दोन्ही भाग एकदम ओढायचे नाहीत, कारण पुढचं आणि मागचं सर्किट आणखी एका रिबनने जोडलेलं असतं. ती सोडवायची. मग खालच्या त्या चिकटवलेल्या जागेवरून कमी तापमानाला ठेवलेलं सोल्डरिंग आयर्न हलकेच एका टोकाकडून दुसऱ्याकडे फिरवायचं. गेम बॉय चालू ठेवून हे केलं तर रेघा डोळ्यांदेखत परत येताना दिसतात. दाब नको, एका जागी थांबायचं नाही. आडव्या रेघा गेल्या असतील तर दोष बाजूच्या केबलमध्ये असतो आणि ती जागा जास्त नाजूक, पहिल्याच दिवशी तिथे हात घालू नका.

सुरूच होत नसेल तर आधी सेलचा कप्पा बघा. विसरून राहिलेले सेल गळतात आणि पत्र्यावर पांढरा-हिरवा थर जमतो. तो अल्कलीचा असतो, त्यामुळे इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसला की निघतो. नंतर अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. लाल दिवा लागतो पण लुकलुकतो, तर चालू-बंदचा खटका मळलेला आहे. मशीन बंद ठेवून, सेल काढून तो वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे करा. पुष्कळदा तेवढंच पुरतं. आवाज येतो, चित्र नाही, तर मेंदू शाबूत आहे आणि दोष पडद्याकडे आहे. चित्र येतं, आवाज खरखरतो, तर आवाजाची चकती साफ करायची.

आणि एक परीक्षा तर यंत्र स्वतःच करतं. गेम बॉय सुरू केला की वरून निन्टेन्डोचं नाव हळूच खाली येतं आणि टिंग असा आवाज होतो. ती नुसती शोभा नव्हे. पडद्यावर दिसणारं ते नाव लावलेल्या कॅसेटमधून वाचलं जातं, आणि यंत्र आपल्याजवळच्या प्रतीशी ते ताडून बघतं. जुळलं तरच गेम सुरू. परवान्याशिवाय कुणी कॅसेट बनवू नये म्हणून केलेली ही पहारेकऱ्याची व्यवस्था, पण दुरुस्तीवाल्याला ती आयतीच कामाला येते. नावाऐवजी अखंड काळी पट्टी आली तर कॅसेट वाचलीच जात नाही. वेडीवाकडी अक्षरं आली तर काही पिना लागतायत, काही नाहीत. दोन्हीवर पहिला उपाय एकच: कॅसेटच्या पट्ट्या अल्कोहोलने पुसा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत यासाठी लागणारं सगळं सामान मिळतं.

हल्ली अनेक जण जुना पडदा सरळ काढून टाकतात आणि चकचकीत नवा, मागून दिव्याचा बसवतात. दिसतं सुंदर. सेल मात्र लवकर संपतात. म्हणजे योकोईने जे सोडून दिलं होतं ते आपण परत आत घालतो, आणि जे कमावलं होतं ते घालवतो! ज्याची त्याची आवड. माझं मत विचाराल तर रेघा दुरुस्त करा आणि खिडकीजवळ बसून खेळा.

गेम बॉय किती चिवट, याची साक्ष न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात अनेक वर्षं काचेच्या कपाटात होती. आखाती युद्धात एका अमेरिकन सैनिकाचा गेम बॉय बॉम्बहल्ल्यात बराकीसकट जळला. पुढचं प्लॅस्टिक वितळून फुगलेलं, काळं पडलेलं. पण आतलं सर्किट शाबूत होतं, वीज दिली की चालायचं. दुकानात त्याच्यावर टेट्रिस सुरू असायचं.

आता अवघड भाग. १९९५चा व्हर्च्युअल बॉय.

डोळ्यांना लावून बघायचं, खोलीचा भास देणारं यंत्र, ही कल्पना योकोईला मनापासून आवडली होती. प्रत्येक डोळ्यासाठी लाल दिव्यांची एकच उभी रांग, २२४ दिव्यांची, आणि समोर वेगाने हलणारा आरसा. आरसा ती रांग इकडून तिकडे फिरवतो आणि डोळ्याला पूर्ण चित्र दिसतं. लाल रंगच का? कारण लाल दिवे तेव्हा सगळ्यांत स्वस्त आणि कमी वीज खाणारे होते. म्हणजे विचार तोच, जुना. पण या वेळी गणित चुकलं. यंत्र डोक्याला बांधता येत नव्हतं, टेबलावर स्टँडवर ठेवून मान वाकवून बघावं लागायचं. काळ्यावर लाल चित्र बघून डोळे आणि डोकं दुखायचं. कंपनीचं सगळं लक्ष पुढच्या मोठ्या यंत्राकडे लागलेलं, आणि हे घाईने दुकानात आलं. साडेसात लाखांच्या आसपास नग विकले गेले आणि वर्षाच्या आत उत्पादन थांबलं.

आज जुना व्हर्च्युअल बॉय उघडला की त्या घाईची खूण दिसते. दिव्यांची रांग ज्या रिबनने सर्किटला जोडली आहे, ती सोल्डर केलेली नाही. वीज वाहणाऱ्या गोंदाने चिकटवली आहे. गोंद सुकला की एका डोळ्यात आडव्या रेघा फुटतात, मग चित्र चुरगळतं, मग नाहीसंच होतं. कुणी ते तात्पुरतं गरम करून चिकटवतात, पण कायमचा इलाज म्हणजे रिबन सोडवायची, तिच्यावरचं प्लॅस्टिक नखाएवढ्या जागेत खरवडायचं आणि एकेक बारीक वाट हाताने सोल्डर करायची. तासन्‌तासांचं काम. हात थरथरला की रिबन फाटते. गेम बॉयची दुरुस्ती नवशिक्याला जमते, ही जमत नाही. एकाच माणसाच्या दोन यंत्रांत हा एवढा फरक!

व्हर्च्युअल बॉय पडला म्हणून योकोईला काढून टाकलं, असं खूपदा सांगितलं जातं. ते तितकंसं खरं नाही. पन्नाशीनंतर आपलं स्वतःचं काहीतरी करायचं हे त्याच्या मनात आधीपासून होतं. पण अपयशाचा डाग घेऊन लगेच निघायला तो तयार नव्हता. म्हणून राहिला, आणि गेम बॉय पॉकेट बनवला: आधीपेक्षा छोटा, हलका, पडदा जास्त स्पष्ट, चारऐवजी दोन बारीक सेल. तो जुलै १९९६मध्ये आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमध्ये पोकेमॉन आला होता, आणि दोन गेम बॉय वायरने जोडून प्राण्यांची अदलाबदल करायची यावरच तो सगळा खेळ उभा होता. सात वर्षं जुन्या यंत्रात नवा जीव आला. ऑगस्ट १९९६मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, योकोई निन्टेन्डोतून बाहेर पडला.

क्योतोतच त्याने कोतो नावाची छोटी कंपनी काढली. बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी हातात मावणारं नवं यंत्र आखायला घेतलं. वंडरस्वान त्याचं नाव. परत तोच काळा-पांढरा पडदा, परत तोच हट्ट, की हे स्वस्त हवं आणि सेल टिकायला हवेत.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतातल्या होकुरिकु एक्स्प्रेसवेवर योकोई ज्या गाडीत होता ती पुढच्या ट्रकला धडकली. धक्का फार मोठा नसावा, कारण तो गाडीचं काय नुकसान झालंय ते बघायला खाली उतरला. तेवढ्यात मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. वय ५६.

वंडरस्वान मार्च १९९९मध्ये आला. किंमत ४,८०० येन. आडवा धरून खेळता यायचा आणि उभा धरूनही. त्याला एकच पेन्सिल सेल लागायचा, आणि तो एक सेल तीसएक तास चालायचा. यंत्राबरोबर कोतोने बनवलेला एक कोड्याचा खेळ निघाला, त्याला नाव दिलं गुनपेई. पडद्यावर खालून तुटक्या तिरप्या रेघांचे तुकडे वर येत राहतात. ते वर-खाली सरकवून डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक सलग रेघ जोडायची. जोडली की ती चमकते आणि नाहीशी होते, आणि खालून नवे तुकडे यायला लागतात.